शेजाऱ्यांना विचारलं, हा बंदूकवाला माणूस कसा आहे

रविवार होता, घरात मटण शिजत होतं आणि भिंतीपलीकडं माझी चौकशी चालली होती. कळव्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती अशा आहेत की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात, त्यामुळं पोलिस ठाण्यातून आलेले हवालदार साहेब शेजारच्या बाईंना काय विचारतायत ते सगळं इकडं ऐकू येत होतं. इसम कसा आहे, दारू पितो का, भांडणतंटा करतो का, घरात मारहाण वगैरे? माझी बायको रस्सा ढवळता ढवळता थांबली आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. मला काय हसू येत नव्हतं. सतरा वर्षं आर्मीत काढली पण कुणाच्या उत्तराची अशी वाट कधी बघितली नव्हती.

विषय होता शस्त्र परवाना रिन्यू करण्याचा. म्हणजे बंदुकीचं लायसन्स. मी गनमॅन आहे, नौपाड्यात एका बँकेच्या दारात उभा असतो, खांद्याला बारा बोअरची दोनाली. तुम्ही बँकेत गेला असाल तर माझ्यासारखा माणूस बघितला असेल. बघितला म्हणजे काय, बंदूक बघितली असेल, माणूस आठवायचा नाही.

गाव माझं माण तालुक्यात, सातारा जिल्हा. तिकडं पाऊस नाही म्हणून घराटी एक माणूस आर्मीत. २०१९ ला रिटायर झालो तेव्हा नाईक होतो, पण आमच्याकडं आर्मीतून आलेला कोणीही असू दे, त्याला मेजरच म्हणतात, स्वयंपाकी असला तरी मेजर. रिटायर झाल्यावर आमच्यासारख्यांना दोन वाटा, साधा सिक्युरिटी गार्ड नाहीतर गनमॅन. गनमॅनला पगार जरा बरा, पण बंदूक आणि लायसन्स स्वतःचं लागतं. लोकांना वाटतं बंदूक बँकेची असणार. नाही हो, माझी आहे, फंडाच्या पैशातून घेतलेली, सुतार जसा आपला रंधा घेऊन कामावर येतो तशी.

लायसन्स साताऱ्याला कलेक्टर ऑफिसातून निघालं, मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या तोंडावर. जिल्ह्यात कलेक्टर देतात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस आयुक्त, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि माहिती करून घ्यायची गरजही नव्हती. त्याच्या थोडंच आधी, २०१९ च्या शेवटी कायदा बदलला होता, लायसन्सची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची ती दोन झाली. आणि लग्नाबिग्नात हौसेनं हवेत बार काढला तर दोन वर्षं जेल किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा शेवटचा मुद्दा मी तोंडपाठ करून ठेवला होता कारण गावात पहिली मागणी तीच आली. चुलत भावाच्या पोराची वरात, बँजो लागलेला, आणि सगळे माझ्या मागं, मेजर दोन बार काढा की, तुमच्याकडं हाय तर काढा की. नाही म्हणलं. भाऊ रुसला, त्याची बायको रुसली, वर्षभर बोलत नव्हते, म्हणायचे कपाटात ठेवून पुजायला घेतलीय काय. गावात बंदूक म्हणजे मान. जत्रेला पुढं बसवणार, वादाला बोलावणार, रानडुकरं मका खायला लागली की हळूच विचारणार. भीती कुणालाच नव्हती, मला सोडून.

ठाण्याला आलो मे २०२४ मध्ये, पोरीच्या कॉलेजसाठी. आणि इथं सगळं उलटं.

आधी रूम शोधायची. कळव्यात, खारेगावात, एजंटबरोबर आठ दहा रूम बघितल्या. मी आपला सरळ माणूस, सुरुवातीलाच सांगायचो की माझ्याकडं लायसन्सची बंदूक आहे, ॲग्रीमेंटच्या पत्त्यावर नोंद करावी लागेल. एवढं ऐकलं की मालकाचा चेहरा पडायचा. त्यांचंही काय चुकलं म्हणा, त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरला पोलिस ठाण्याच्या आतच एका आमदारानं गोळ्या झाडल्या होत्या आणि आठवडा व्हायच्या आत दहिसरला फेसबुक लाईव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाला मारलं, आणि त्यात वापरलेलं पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या लायसन्सचं होतं असं सगळीकडं छापून आलं. एजंट मला रिक्षात म्हणतो कसा, काका तुम्ही कुणाचे बॉडीगार्ड नाही ना? म्हणलं बाबा मी बँकेत असतो. तरी तो म्हणे, मग असं सांगा की तुम्ही बँकेत आहात, पुढचं सांगूच नका.

पण न सांगून चालत नाही. शेवटी एक मालक भेटले, त्यांना उलट आनंद झाला. बिल्डिंगला वॉचमन नव्हता ना! त्यांना वाटलं फुकटात गनमॅन मिळाला. आणि त्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर सांगून टाकलं, आता काळजी नको, तिसऱ्या मजल्यावर बंदूकवाला आलाय. झालं. सामान वर चढायच्या आधी माझी ओळख वर पोचली होती. पहिले दोन महिने जिन्यात पोरं खेळत असली आणि मी आलो की भिंतीला चिकटून उभी राहायची. शेजारच्या बाई, महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहतात, त्या माझ्या बायकोशी बोलायच्या पण मी दारात दिसलो की "येते गं" म्हणून आत.

आता बँकेच्या दारातलं सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे. तीच बंदूक, तोच मी, पण तिथं कुणालाच भीती नाही. तिथं मी म्हणजे पासबुक छापायच्या मशिनसारखा, आहे म्हणजे असणारच. आमच्या दारावर बोर्ड आहे, हेल्मेट काढून आत या. लोक हेल्मेट काढतात आणि माझ्या हातात देतात! एका खांद्याला दोनाली, दुसऱ्या हातात हेल्मेट, आणि समोर एखादी आजी पेन्शनची स्लिप घेऊन, "दादा एवढं भरून दे रे, चष्मा विसरले." भरून देतो. शनिवारी पोरं घेऊन येतात लोक, मग पोरगं विचारणार खरी आहे का, आणि बाप पोराला सांगणार, नाही रे, नुसती दाखवायची असते. माझ्यासमोर! एकानं तर विचारलं काडतूस असतं का आत, का तसंच. ह्याचं उत्तर द्यायचं नसतं. हो म्हणलं तर घाबरणार, नाही म्हणलं तर गावभर करणार. मी म्हणतो, "साहेब टोकन घ्या, तिकडं दोन नंबरला."

गावात मेजर होतो, इथं कुणी वॉचमन म्हणतं, कुणी सिक्युरिटी, कॉलेजची पोरं काका. नावानं हाक मारणारं एकही नाही.

तर ऑक्टोबर २०२४. आमच्यात खंडेनवमीला शस्त्रं पुजायची पद्धत, युनिटमध्ये तर मोठी पूजा असायची, सगळ्या रायफली ओळीनं लावून, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. घरी मी दोनाली उघडून साफ केली, नळीतून चिंदी ओढली, तेल दिलं, बायकोनं कुंकू लावलं, विळी आणि पोरीचा लॅपटॉपही मांडला शेजारी. दसरा होता शनिवारी १२ तारखेला. आणि त्याच रात्री बांद्र्याला माजी मंत्र्याला रस्त्यात गोळ्या घातल्या. सोमवारी ड्युटीवर गेलो तर पहिल्यांदा लोक माझ्याकडं बघत होते. म्हणजे बंदुकीकडं नाही, माझ्या हाताकडं. हात कुठं आहे, काय करतोय. एक नेहमीचे काका, रोज दाराशी थांबून क्रिकेटवर बोलणारे, ते त्या दिवशी सरळ आत गेले. दोन तीन दिवसांत सगळं पूर्ववत झालं, हेल्मेट परत हातात यायला लागली, पण त्या सोमवारी मी घामाघूम होतो आणि बंदुकीचा पट्टा सरळ करायला पण हात वर नेत नव्हतो.

मंगळवारी १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली.

निवडणुकीत लायसन्सची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करायची नोटीस निघते. सगळ्यांनाच सरसकट नसतं, कुणाची जमा करायची हे ठरवायला कमिटी असते, आणि बँकेच्या ड्युटीवर असलेल्याला सूट मिळू शकते, पण त्याला कागद लागतो की हा माणूस अमुक ठिकाणी ड्युटीवर आहे. तो कागद माझ्या एजन्सीनं द्यायचा होता. आज देतो, उद्या देतो, साहेब पुण्याला गेलेत, शिक्का सापडत नाही. एजन्सीचं नाव घेत नाही, अजून तिथंच नोकरी करतो. मुदत संपायला आली तेव्हा म्हणलं नको बाबा लफडं, आपलं रेकॉर्ड स्वच्छ राहू दे, आणि गेलो जमा करायला. बंदुकीचा नंबर, बनावट, नळ्या दोन, दस्ता लाकडी, पट्ट्यासह, काडतुसं दहा. मोजून घेतली, चिठ्ठी बांधली, पावती दिली. पावती घेऊन बाहेर आलो तर खांदा इतका हलका लागायला लागला की मी दोनदा मागं वळून बघितलं काय विसरलो म्हणून.

पुढचे सहा आठवडे मी बँकेच्या दारात लाठी घेऊन उभा. गनमॅनचा भत्ता कापला तो वेगळाच. पण झालं काय माहितेय का, लोक बोलायला लागले. त्याच आजी, स्लिप भरून घेता घेता विचारतात, गाव कुठलं रे तुझं? त्यांचं माहेर निघालं फलटण. क्रिकेटवाले काका चहा पाजायला लागले. शाखेतला कॅशियर पोरगा, सहा महिने मी त्याला रोज सलाम करत होतो, त्यानं पहिल्यांदा नाव विचारलं. आणि बंदूक कुठं गेली हे विचारणारे किती? मोजून तिघं. त्यातला एक म्हणला, बरं झालं काढली, उगाच टेन्शन यायचं. आणि एक म्हणला, आता काय उपयोग तुमचा. दोघांच्या मध्ये पाच मिनिटांचंही अंतर नव्हतं.

मतदान २० नोव्हेंबरला झालं, निकाल २३ ला, बंदूक परत मिळाली डिसेंबरच्या सुरुवातीला. खांद्यावर आली आणि आजी परत "दादा, बंदूकवाले दादा" म्हणायला लागल्या. नाव घेत होत्या, ते बंद.

लायसन्सची मुदत मार्च २०२५ ला संपत होती. रिन्यू करायचा अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधी करायचा असतो, फॉर्म ए-३. ठाण्यात हे काम पोलिस आयुक्तालयातून, खारकर आळीत, कळवा पुलाजवळ, म्हणजे माझ्या तर जायच्यायायच्या वाटेवरच. साताऱ्याचं लायसन्स असल्यामुळं आधी पत्ता बदलाची नोंद, तिकडून ना हरकत, ते मी जुलैतच करून ठेवलेलं. आता अर्ज, फोटो, जुनं लायसन्स बुक, आधार, भाडेकरार, मेडिकल सर्टिफिकेट. मेडिकलमध्ये शारीरिक आणि मानसिक दोन्ही बघतात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, मला विचारतात झोप लागते का, राग येतो का, एकटं वाटतं का. मला एवढं कुणी आयुष्यात विचारलं नव्हतं. म्हणलं मॅडम राग येतो, पण एजन्सीचा. हसल्या आणि सही केली.

हत्यार तपासणीला दाखवावं लागणार होतं आणि माझ्या डाव्या नळीचा घोडा जरा जड चालत होता, खाडीजवळची हवा, लोखंड टिकत नाही. म्हणून एक दिवस सुट्टी टाकून मुंबईला बंदुकीच्या दुकानात दुरुस्तीला निघालो, कळव्यावरून सकाळची स्लो. आता नियम असा आहे, २०१६ च्या नियमावलीत आहे, सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकून, कव्हरमध्ये न्यायचं आणि आपल्या ताब्यात ठेवायचं, उगाच काढून मिरवायचं नाही. बारा बोअरची एक सोय असते, नळी आणि दस्ता वेगळे करता येतात. तसं सुटं करून मी जाड कापडाच्या पिशवीत घातलं होतं, काडतुसं घरीच कुलपात. पिशवी गुडघ्यांत धरून बसलो.

त्या डब्यात भजनी मंडळ होतं. टाळ, छोटी ढोलकी, कपाळाला बुक्का, रंगात आलेले. एक बुजुर्ग काका माझ्या पिशवीकडं बघत होते बराच वेळ, लांबी बघून, वरचा जाड भाग बघून. भजन संपल्यावर म्हणाले, "माऊली, वीणा काय?"

आता काय सांगावं? खोटं बोलवेना, एक तर समोर माऊली म्हणणारा माणूस. मी हळूच म्हणलं, "नाही माऊली, दोनाली आहे. लायसन्सची. दुरुस्तीला चाललोय."

टाळ थांबले. ढोलकीवाल्यानं ढोलकी मांडीवर ओढून घेतली, जणू तिलाच लागणार होतं. समोरच्या सीटवरच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला कळत होतं त्यांच्या डोक्यात काय आलं ते, जुलै २०२३ मध्ये जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत रेल्वेच्याच जवानानं सर्व्हिस बंदुकीनं चार माणसं मारली होती, त्यात एक त्याचाच वरिष्ठ. तेव्हापासून रेल्वेत बंदूक म्हणलं की माणूस दाराकडं बघतो आणि त्याला दोष देता येत नाही. मी घाईघाईत लायसन्स बुक काढलं, फोटो दाखवला, आर्मीचं कार्ड दाखवलं, स्वतःच स्वतःची चेकिंग. विक्रोळी गेलं, घाटकोपर गेलं, कोणी बोलेना. गर्दीच्या वेळेला माझ्या शेजारची अर्धी सीट रिकामी, हे भाग्य त्या गाडीत कुणाला मिळालं असेल?

शेवटी ते बुजुर्गच म्हणाले, "सुटी केलीय ना? मग वाजत नाही ती. चला, पुढचा अभंग घ्या, नाहीतर दादर येईल." टाळ परत सुरू झाले पण कुर्ल्यापर्यंत ठेका जरा जलदच होता.

परत येताना मी पिशवीवर बायकोची जुनी शाल गुंडाळली. तेव्हा एकानं विचारलं, काका छत्र्या दुरुस्त करता का. हो म्हणलं.

आता परत त्या रविवारी, हवालदार साहेब आणि शेजारच्या बाई. खालच्या मजल्यावरच्या एसटीतून रिटायर झालेल्या काकांचा जबाब पाच मिनिटांत झाला होता, माणूस चांगला, तक्रार नाही, सही. बाईंनी मात्र साहेबांना आत बसवून ठेवलं. भिंतीतून मला एवढं ऐकू आलं, "माणूस सज्जन आहे. बायको सज्जन आहे. मुलगी अभ्यासू आहे. पण रात्री झोपताना मला आठवतं की भिंतीपलीकडे बंदूक आहे. हे लिहा."

"बाई, हरकत आहे का नाही एवढंच लिहायचं असतं."

"हरकत नाही. भीती आहे."

"भीतीचा रकाना नाही हो यात."

"खाली मोकळी जागा आहे ना? तिथे लिहा." शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाई, त्यांना कोण नाही म्हणणार.

माझ्या पोटात गोळा आला. बायको हसायची थांबली. पाच वर्षांचं लायसन्स, पोरीची फी, सगळं त्या मोकळ्या जागेत काय लिहितात त्यावर. आणि खरं सांगू, रागही आला. इतके महिने शेजारी राहतोय, गॅस सिलेंडर चढवून दिलाय मी त्यांचा, आणि हे? पण ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. लग्नाला वीस वर्षं झालेली माझी बायको, बंदूक घरात आली त्या आठवड्यात हेच म्हणाली होती, झोपताना आठवतं.

साहेबांना हत्यार कुठं ठेवतो ते बघायचं होतं, म्हणून ते आमच्याकडं आले, आणि त्यांच्या मागोमाग बाई पण! म्हणाल्या, "मलाही बघायचंय. जे दिसत नाही त्याचीच जास्त भीती वाटते." बायकोनं मटणाचा गॅस बारीक केला, चहा टाकला. मी लोखंडी कपाट उघडलं, आत आणखी एक कुलपाचा कप्पा. नळी वेगळी, दस्ता वेगळा, किल्ली माझ्या करगोट्याला असते ते त्यांच्यासमोर सांगायची वेळ आली नाही, कारण मी आधीच पाठ फिरवून काढली होती. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत, वेगळं कुलूप. साहेबांनी नंबर जुळवला, काडतुसं मोजली. दहा. बाई पण मोजत होत्या, ओठ हलत होते त्यांचे.

"कधी उडवलीत?"

"ही? एकदा, तपासून घ्यायला. त्यानंतर नाही."

"आणि तिकडे? सैन्यात?"

मी चहा पुढं केला. त्यांनी परत विचारलं नाही.

मग चहा पिता पिता त्यांनीच सांगितलं. मुलगा टेक्सासला असतो, डॅलसजवळ. २०२२ ला त्या तीन महिने जाऊन आल्या. एकदा वाणसामानाच्या दुकानात रांगेत पुढं एक माणूस, हाफ पँट, कमरेला उघडं पिस्तूल, हातात केळी. कोणी बघतही नव्हतं. त्या मुलाच्या हाताला घट्ट धरून उभ्या, आणि मुलगा म्हणतो आई बघू नकोस असं, इथे चालतं. तिथं आधी उघडं पिस्तूल लावायला परवाना लागायचा, तोही २०१६ पासूनच मिळायला लागला, आणि सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांच्या पुढच्या बहुतेकांना परवान्याचीही गरज राहिली नाही. दुकानदाराला नको असेल तर तो दारावर बोर्ड लावतो. बाई म्हणाल्या, नंतर मी प्रत्येक दुकानाच्या दारावर आधी बोर्ड शोधायचे आणि मग आत शिरायचे. "त्या केळीवाल्याला मी विचारू शकत नव्हते हो, की बाबा तू कोण, गोळ्या किती आहेत, रात्री कुठे ठेवतोस. तुम्हाला निदान हे येऊन विचारतात."

हवालदार साहेब खूश झाले, आपलं काम अमेरिकेपेक्षा भारी आहे हे त्यांना पहिल्यांदाच कोणी सांगितलं असणार. जाताना मी विचारलं, साहेब ते मोकळ्या जागेतलं खोडता येईल का? म्हणाले, जबाब आहे मेजर, खोडता येत नाही. त्यांनी मेजर म्हणलं, मी दुरुस्त केलं नाही.

पंधरा वीस दिवसांनी ऑफिसात बोलावलं. साहेबांसमोर फाईल, वरचा कागद कुठला आहे ते मला उलटं वाचता येत होतं, बाईंचं वाक्य हवालदार साहेबांच्या अक्षरात. साहेबांनी वाचलं, वर बघितलं.

"शेजारीण घाबरते?"

"हो साहेब."

"मग?"

मी रात्रभर उत्तर पाठ केलं होतं, सतरा वर्षं सेवा, स्वच्छ रेकॉर्ड, कधी तक्रार नाही. तोंडातून निघालं, "मोजून गेल्या साहेब. दहा आहेत त्यांना माहीत आहे."

साहेबांनी अजून दोन प्रश्न विचारले, काडतुसं कुठं ठेवता, ड्युटीवरून बंदूक कशी आणता, आणि कागद बाजूला सरकवला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लायसन्स बुकवर नवी तारीख पडली, २०३० पर्यंत. बँकेत पेढे वाटले. आजींनी विचारलं कशाचे, म्हणलं बंदुकीचे. दोन घेतले.

पुढच्या आठवड्यात शिमगा. शेजारच्या बाई देवरुखच्या, पालखीला दर वर्षी जातात. निघायच्या आदल्या रात्री दार वाजलं, हातात घराची किल्ली आणि तुळशीला पाणी घालायची सूचना. बायकोनं किल्ली घेतली. बाई दोन पायऱ्या उतरल्या, परत वर आल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊ, ती किल्ली तुमच्या त्या कपाटात नका हं ठेवू. डब्यात ठेवा कुठेतरी, साखरेच्या."